दोन शेड लाल

आईने फडक्यात गुंडाळलेला बर्फाचा खडा भिंगरीच्या उजव्या गालावर टेकवला आणि साठपर्यंत आकडे म्हणायला सांगितलं. भिंगरीने तेवीसपर्यंत म्हटले. मग आईच्या हातातून फडकं काढून घेतलं, खडा सरबताच्या पेल्यात सोडला आणि पेला तोंडाला लावला.

"वाया कशाला घालवायचा," ती म्हणाली.

आईने फ्रीज उघडला आणि दुसरा खडा काढला.

फोटोला सहा दिवस उरले होते. भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मावशीने ठेवलेलं, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी ती शहरबस चालवण्याची परीक्षा पास झाली तेव्हा मावशीने त्याचंही श्रेय घेतलं होतं. पहिल्या खेपेला भिंगरीने बस मागे घेताना खांबाला धडक दिली. दुसऱ्या खेपेला बारा मीटरची ती अवजड गाडी दोन खांबांच्या मधून अशी मागे नेली, की शिकवणाऱ्या मास्तरांनी फक्त "उतर" एवढंच म्हटलं. मास्तरांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कोणी ऐकलेलं नव्हतं.

आता एकच गोष्ट राहिली होती. डेपोत फोटो काढायचा. घरून आणलेला फोटो चालत नसे; डेपोतला कारकूनच काढायचा. तोच फोटो चालकाच्या बिल्ल्यावर लागायचा आणि तोच मोठा करून बसमध्ये, चालकाच्या सीटमागे, पत्र्याच्या चौकटीत बसवायचे. पाच वर्षं तो तिथे राहणार होता, आणि बसमध्ये चढणारा प्रत्येक माणूस तिकीट काढता काढता तो बघणार होता.

भिंगरीच्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर मुरुम होते. तसे मूठभरच. पण त्यांच्याभोवतीची लाली अशी पसरलेली असायची, की कोणीतरी नुकतंच दोन थोबाडीत दिल्यासारखं दिसावं. मुरुम सहा दिवसांत जाणार नाहीत हे आईलाही मान्य होतं. तिचं म्हणणं एवढंच, की लाली तरी उतरावी.

लाली किती उतरली हे कळायला आईकडे स्वतःची पद्धत होती. ती एका रंगाच्या दुकानात मागच्या खोलीत बसून गिऱ्हाइकाला हवा तो रंग जुळवून द्यायची. पंचवीस वर्षं तिचं हेच काम. दुकानातल्या शेडकार्डातली लाल रंगांची पट्टी तिने घरी आणली होती. रोज सकाळी ती भिंगरीला खिडकीपाशी उभी करायची, पट्टी गालाशी धरायची आणि डोळे बारीक करून बघायची.

"कालपेक्षा अर्धी शेड खाली आहे."

"म्हणजे मी डाळिंबीवरून गुलबक्षीवर आले," भिंगरी म्हणायची. "अजून जोर लावलास तर फोटोपर्यंत भिंतीएवढी पांढरी होईन."

वरच्या मजल्यावर मावशी राहायची. ती कपडे शिवायची, आणि तिच्या तोंडात टाचण्या असल्या तरी सल्ला अडत नसे. बर्फ तिचाच. काकडीच्या चकत्या, गार केलेल्या ग्रीन टीच्या पिशव्या, कोरफडीचा गर, मध, ओट्सचं पीठ, हेही तिचंच. प्रत्येक उपाय कोणालातरी लागू पडलेला असायचा आणि ते कोण हे मावशीला नेमकं आठवायचं नाही. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की काही चोळू नका, गार पाण्याने धुवा, फोडू नका, आणि हटलेच नाहीत तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. हा सल्ला घरात कोणाला पटला नाही, कारण त्यात करण्यासारखं काहीच नव्हतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि भानगडीत पडायचे नाहीत. एकदाच त्यांना विचारलं, तेव्हा भिंगरीकडे नीट निरखून बघून ते म्हणाले, मला तर काहीच दिसत नाही. त्यावर मायलेकी दोघी मिळून त्यांच्यावर चिडल्या. त्या आठवड्यात दोघींचं एकमत झालं ते तेवढंच.

भिंगरीला वाईट वाटत नव्हतं असं नाही. ती काही दगडाची नव्हती. गणवेश पहिल्यांदा अंगात घातला त्या दिवशी बसच्या बाहेरच्या मोठ्या आरशात तिने स्वतःला पाहिलं, आणि तिची नजर टोपीच्या आधी गालावर गेली. त्याचा तिला जो राग आला तो अजून उतरला नव्हता. शिकाऊ म्हणून शेवटच्या आठवड्यात ती प्रवाशांसकट बस चालवत होती, मास्तर शेजारी उभे होते, तेव्हा मोठ्या चौकात वळण घेत असताना मागून एका आजीबाईंनी विचारलं, बाळा, तोंडाला काही लावत नाहीस का? लगेच आणखी दोघींनी आपापले उपाय सांगितले. एकीने तर पिशवीतून लिंबू काढून दाखवलं. चार बाजूंनी वाहनं येत होती. मास्तरांनी डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, 'चालकाशी बोलू नये.'

त्या दिवशी तिने ठरवलं होतं, की फोटोत आपण जशा आहोत तशाच दिसायचं. फोटो चालकाचा आहे आणि चालक मी आहे, असं ती आईला दोनदा म्हणालीही. आई दोन्ही वेळा "हो गं" म्हणाली आणि बर्फ काढायला गेली. भिंगरीनेही मग फार ताणलं नाही. आईच्या हाताला नाही म्हणणं तिला कधीच नीट जमलं नव्हतं, फक्त मधेच उठून जाणं जमायचं.

रविवारी दुपारी मावशी टूथपेस्ट घेऊन खाली आली. पांढरीच हवी, रंगीत नको, आणि सुकेपर्यंत हलायचं नाही. तिने प्रत्येक मुरुमावर एकेक ठिपका दिला आणि शिवण सोडून आल्याचं आठवून निघून गेली. भिंगरीला कोचावर डुलकी लागली. दीड तासाने ती जागी झाली ती गाल चुरचुरत होते म्हणून. धुतलं तेव्हा प्रत्येक ठिपक्याच्या जागी कातडी भाजल्यासारखी लाल झालेली होती. आईने पट्टी आणली नाही. पट्टीत तो रंग नव्हताच.

"आता पुरे," भिंगरी म्हणाली.

"मावशीचा हेतू..."

"हेतू चांगलाच असतो. सगळ्यांचाच. गाल मात्र माझा आहे. यापुढे याला पाणी सोडून काही लागणार नाही."

आणि ती नुसतं बोलून थांबली नाही. काकडी मीठ लावून खाल्ली. मध पावाला लावला. ग्रीन टी प्यायली, ओट्सची लापशी केली आणि बाबांनाही वाढली. दोन दिवसांत घरातले सगळे उपाय तिने खाऊन संपवले. कोरफड तेवढी कुंडीत वाचली.

आई तिच्याशी भांडली नाही. खिडकीपाशी उभं करणंही तिने सोडून दिलं. ती गप्प झाली, आणि गप्प झालेल्या आईपेक्षा बर्फ घेऊन मागे लागलेली आई बरी, असं भिंगरीला बुधवारपर्यंत वाटायला लागलं.

गुरुवारी, फोटोच्या आदल्या दिवशी, दुपारी आईचा फोन आला. दुकानात ये, पाच मिनिटांचं काम आहे.

रंगाच्या दुकानात पुढे लांब काउंटर होता. तिथे मालक आणि दोन विक्रेत्या उभ्या असायच्या. मागे भिंतीत एक चौकोनी खिडकी होती, आणि खिडकीपलीकडच्या खोलीत आई. गिऱ्हाईक तिला त्या खिडकीतूनच ओळखायचं. खिडकीच्या कट्ट्यावर लोकांनी आणलेले तुकडे पडलेले असायचे. भिंतीचा पोपडा, पडद्याची चिंधी, फुटक्या बशीची कपची. त्यावरून ती रंग जुळवायची, आणि तिचा रंग जुन्या भिंतीवर लावला तर जोड शोधून सापडत नसे.

भिंगरी पोचली तेव्हा एक गृहस्थ खिडकीपाशी हुज्जत घालत होते. त्यांना आकाशी हवा होता, त्यांच्या जुन्या स्वयंपाकघरात होता तसा. अगदी डोळ्यांसमोर आहे हो, असं ते म्हणत होते.

"तुकडा आणा," आतून आईचा आवाज आला.

"ते घर पाडलं."

"मग कार्डातला घ्या. आठवणीवरून मी रंग जुळवत नाही. जुळवून दिला तर तुम्हीच परत घेऊन याल. आठवणीत रंग असतो त्याहून उजळ होतो."

गृहस्थ कार्ड चाळायला काउंटरकडे गेले. भिंगरी मागच्या दाराने आत शिरली. आईने हात पुसले, टेबलाचा खण उघडला आणि झाकणाची एक छोटी डबी बाहेर काढली.

डबीत भिंतीचा रंग नव्हता. सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानातून आणलेल्या तीन क्रीमच्या नळ्या तिने तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत एकमेकींत मिसळल्या होत्या. त्यात हिरव्याचा एक कण. हिरवा लाल मारतो, हे तिने भिंगरीला सांगायची गरज नव्हती. या घरात ते पाढ्यांच्या आधी शिकवलेलं होतं. आईने डबी पुढे धरली आणि म्हणाली, नुसतं लावून बघ, नको वाटलं तर पुसून टाक.

भिंगरीने पाण्याशिवाय काही लावणार नाही म्हटलं होतं. पण आईने जुळवलेल्या रंगाला आजवर कोणी नको म्हटलेलं तिने पाहिलं नव्हतं, आणि तीन दिवस आई गप्प का होती हे आता तिला कळलं होतं. तिने गाल पुढे केला. आईने रंग ढवळायच्या पात्याच्या टोकाने थोडं क्रीम घेतलं आणि बोटाने डाव्या गालावर हलकेच पसरलं. मग नेहमीसारखी म्हणाली, चल, उजेडात.

दोघी काउंटरच्या बाजूने दुकानाच्या दारात आल्या. मालकांनी वर बघितलं आणि वा, छान दिसतंय, असं म्हणाले. आईने भिंगरीची हनुवटी धरून गाल उन्हाकडे वळवला. थोडा वेळ बघितलं. हनुवटी सोडली.

"चुकलं," ती म्हणाली.

भिंगरीने दाराच्या काचेत पाहिलं. लाली पार नाहीशी झाली होती. पण डावा गाल तिचा राहिला नव्हता. तो उजळ होता, किंचित गुलाबी, तुकतुकीत. मान सावळी, कपाळ सावळं, उजवा गाल लाल, आणि मधेच हा कोणा दुसऱ्याच मुलीचा तुकडा बसवलेला.

दोघी मागच्या खोलीत परत आल्या.

"कशावरून जुळवलंस?" भिंगरीने विचारलं.

आई पातं पुसत राहिली. पातं स्वच्छ झालं तरी पुसत राहिली.

"मी रोज घरात तुझ्यासमोर होते, आई. तुकडा समोर फिरत होता."

"तू बघू देत नव्हतीस ना. मला वाटलं, तुझा चेहरा मला पाठ आहे."

भिंगरीने काचेतला गाल पुन्हा आठवला आणि मग तिला तो ओळखू आला. तो तिचाच होता. शाळेतला, बारा-तेराव्या वर्षातला, पहिला मुरुम यायच्या आधीचा. जगाला तुकडा आणायला लावणारी तिची आई स्वतःच्या मुलीपाशी मात्र आठवणीवर गेली होती. भिंगरीला एकदम रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"म्हणजे तू माझ्याकडे बघतेस तेव्हा तुला ती दिसते. मी दिसतच नाही."

"तूच दिसतेस," आई म्हणाली. "म्हणून तर जीव खाली-वर होतो." तिने स्टूल पुढे ओढलं, पण बसली नाही. "तुझ्याएवढी असताना मी इथे काउंटरवर लागले होते. विक्रीला. तीन दिवस उभी राहिले. चौथ्या दिवशी आताच्या मालकांचे वडील म्हणाले, तोंड बरं होईपर्यंत मागे बस. डबे ढवळ."

"मग?"

"ढवळले."

"आणि बरं झाल्यावर?"

"कोणी बोलावलं नाही. मीही विचारलं नाही."

आईच्या गालांवर बारीक बारीक खड्डे होते. भिंगरीने ते जन्मापासून पाहिले होते आणि त्यांचा कधी विचार केला नव्हता. ते आईचे गाल होते, एवढंच. आपल्या आईला इतकं उत्तम काम येतं आणि तरी ती पुढे का येत नाही, हेही तिने कधी विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, आईला गर्दी आवडत नाही.

"तुलाही कुठेतरी मागे टाकतील असं वाटतं मला," आई म्हणाली. "फोटो बघून. गाड्या धुवायला, नाहीतर आवारातल्या आवारात लावायला. रस्त्यावर दुसऱ्या कोणाला पाठवतील."

"बस पुढे बसूनच चालवतात, आई. मागून चालवायची सोय नाही."

आईला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिने डबीकडे बघितलं आणि म्हणाली, बस समोर, पंधरा मिनिटांत बरोबर जुळवते. आणि तिने जुळवलं असतं. या वेळी उजेडातही सापडलं नसतं. भिंगरीला ते ठाऊक होतं, आणि क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणाहून जास्तच, तिला बसावंसंही वाटलं.

मग ती कोपऱ्यातल्या नळाशी गेली आणि गाल धुऊन आली.

"नको. उद्या हाच जाईल."

आईने डबीचं झाकण लावलं.

शुक्रवारी डेपोच्या दफ्तराच्या खोलीत अकरा नवे चालक रांगेत होते. कारकून फोटो काढायचा, संगणकावर घ्यायचा आणि एक बटन दाबायचा, की सगळ्यांचे चेहरे नितळ व्हायचे. भिंगरीच्या पुढचा मिशीवाला चालक बटन दाबल्याबरोबर दहा वर्षांनी लहान झाला आणि खूश होऊन तिथेच घुटमळला. भिंगरीची पाळी आली तेव्हा स्टुलावर बसायच्या आधीच तिने सांगितलं, की माझं काही साफ करू नका.

"सगळ्यांचंच करतो," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "पाच वर्षं राहणार आहे फोटो."

"मीही पाच वर्षं राहणार आहे."

त्याने खांदे उडवले आणि बरं म्हटलं. भिंगरीने टोपी सरळ केली. टूथपेस्टचे डाग अजून होते. तिने मान जराही वळवली नाही.

सोमवारी सकाळी तिला मार्ग मिळाला. गाडी धुवायला नाही, आवारात नाही. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा, गर्दीचा, चढाचा मार्ग. मास्तरांनी चावी हातात दिली आणि पाठ फिरवली. ती बसमध्ये चढली आणि सीटमागच्या चौकटीकडे वळून बघितलं.

चौकटीतली मुलगी नितळ होती. एक डाग नाही, लाली नाही. गणवेश भिंगरीचा, टोपी भिंगरीची, आणि खाली बिल्ल्याचा क्रमांकही तिचाच.

पहिली फेरी सुटायला दहा मिनिटं होती. ती कारकुनाच्या खिडकीवर गेली. त्याला जराही अपराधी वाटत नव्हतं. छापताना बघितलं आणि राहवलं नाही, असं तो म्हणाला; लोक मागे लागून करून घेतात, तुमचं मी आपणहून केलं. आता छापून झालंय, चौकटीत बसलंय, पाच वर्षांनी नवा काढताना बघू. त्याचा चेहरा इतका मायाळू होता, की भिंगरीला ओरडताही येईना. मास्तर मागून म्हणाले, वेळ झाली. तिने बस काढली. दिवसभर कोणी चढताना चौकटीकडे बघून मग तिच्याकडे बघितलं, की तिला वाटे, आपण दुसऱ्या कोणाच्या तरी बिल्ल्यावर गाडी चालवतोय.

संध्याकाळी ऊन असतानाच ती घरी आली आणि बिल्ला टेबलावर टाकला. बाबा म्हणाले, छान आलाय की. मावशीने टाचण्या तोंडातून काढून सांगितलं, की टूथपेस्टने उशिरा का होईना काम केलं. आईने बिल्ला उचलला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरला. बराच वेळ. बिल्ल्याकडे, मग भिंगरीकडे, पुन्हा बिल्ल्याकडे.

"खिडकी किती वाजता उघडते?" तिने विचारलं.

"कसली खिडकी?"

"त्या कारकुनाची."

"जाऊ दे आई. मी सांगून बघितलं. छापून झालंय."

"किती वाजता?"

मंगळवारी आईने दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. खिडकीआड बसून कधीच रजा न घेतलेल्या बाईला रजा हवी म्हटल्यावर मालकांनी आधी तब्येत विचारली, हे भिंगरीला नंतर कळलं. पहिली फेरी संपवून ती डेपोत शिरली तेव्हा कारकुनाच्या खिडकीसमोर चालक-वाहकांची रांग होती, आणि रांगेत सगळ्यांत पुढे आई उभी होती. कामावरचेच कपडे. नखांत निळा. भिंगरी बस लावून धावत गेली तोवर बोलणं सुरू झालं होतं.

"बिघडलंय काय पण?" कारकून विचारत होता. "चांगला तर आलाय फोटो."

"फोटो चांगला आहे," आई म्हणाली. "माझ्या मुलीचा नाही."

"तिचाच आहे बाई. थोडा साफ केलाय."

"लाल किती काढलात?"

कारकुनाला प्रश्नच कळला नाही. किती म्हणजे काय, तो म्हणाला, मोजून कोण काढतं, बटन दाबतो.

"दोन शेड काढलाय. हनुवटीवर तर त्याहून जास्त. मी पंचवीस वर्षं रंग जुळवते. हा जुळत नाही. परत काढून द्या."

रांगेत कोणीतरी हसलं. मिशीवाला चालक म्हणाला, काकू, चालकाच्या तोंडाकडे एवढं कोण बघतंय? कारकुनानेही तेच धरलं. एवढं निरखून कोणी बघत नाही, असं म्हणता म्हणता त्याने पहिल्यांदाच आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, तिच्या गालांवर त्याची नजर थांबली, आणि त्याने ती चटकन खाली वळवली.

भिंगरीला वाटलं, आता आई मान फिरवेल. गिऱ्हाइकाने जास्त वेळ बघितलं की ती फिरवायची. आईने दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि चेहरा पुढे, उजेडात आणला.

"बघा ना," ती म्हणाली. "नीट बघा. लोक बघतातच."

रांगेतलं हसणं थांबलं. कारकून उठला, बाजूचं दार उघडलं आणि भिंगरीला आत यायची खूण केली. पाठोपाठ आईही आत शिरली. खोली अरुंद होती. स्टूल, पांढरा पडदा, कॅमेरा आणि त्यात हे तिघं. भिंगरी स्टुलावर बसली. तिचे गाल धावून आल्यामुळे नेहमीपेक्षाही लाल झाले होते, हे तिला आरशाशिवाय कळत होतं.

"बाई, तुम्ही जरा मागे थांबा," कारकून म्हणाला. "बाहेर. इथे दाटी होतेय."

"नाही," आई म्हणाली. "मी इथे पुढेच थांबते."

ती कॅमेऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. भिंगरीने टोपी सरळ केली आणि समोर पाहिलं. कारकुनाने कॅमेरा नीट केला, बटनावर बोट ठेवलं, आणि भिंगरीकडे बघायच्या ऐवजी आईकडे बघत थांबला.

"काढा," आई म्हणाली.